वीस पॅलेटचं ध्येय

आधी चहा घ्या, अन् हसायचं नाय असं कबूल करा. मी ठरवलेलं ध्येय गाठलं अन् त्याच दिवशी तोंड लपवत फिरले. ऐकलंय का कुठं असं?

वाळूजच्या एका कंपनीत मी बारा वर्षं पॅकिंगला. दिवसभर उभं राहून गुडघे बोलायला लागले होते. तेवढ्यात फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलून ठेवायची गाडी, शिकायची संधी आली. पास झालं की बसून काम! गारखेड्यातून मी अन् शेजारची शबाना, दोघींनी नाव दिलं.

शिकवायला जाधव सर. पहिल्याच दिवशी म्हणाले, "'जमेल तेवढं करीन' असलं ध्येय नको. आकडा लिहा, वेळ लिहा. मग माणूस नेटानं शिकतो."

मी जोशात लिहिलं, एका तासात वीस पॅलेट. एक पॅलेट म्हणजे लाकडी फळ्यांवर रचलेला, पार माणसाच्या डोक्याएवढा खोक्यांचा ढीग!

परीक्षेच्या दिवशी सर म्हणाले, "त्या राखाडी भिंतीला लावत जा. मी केबिनच्या काचेतून बघतो."

आता मला सांगा, केबिनचं दारबी राखाडीच रंगवायचं काय अडलं होतं कुणाचं?

सहा झाले, आठ झाले. काचेमागं सर दोन्ही हात हलवायला लागले.

शबाना ओरडली, "देखो ताई, सर कित्ते खुश हो रे!"

मीबी हात हलवला अन् वेग वाढवला. पुढच्या खेपेला काच झाकली गेली. मग आतून धप-धप आवाज.

"ताई, टाळ्या!"

लई बळ आलं बघा अंगात! विसावं पॅलेट ठेवलं तेव्हा तास भरायला चार मिनिटं बाकी होती. मी ऐटीत खाली उतरले. "सर कुठं गेले गं?"

तेवढ्यात शबानाचा फोन वाजला. तिनं कानाला लावला अन् तिचा चेहराच उतरला.

"ताई... सर अंदर है."

"कुठं अंदर?"

"तुम्हारे वीस के पीछे!"

मी परत गाडीवर चढले अन् एकेक पॅलेट काढायला लागले. आतून सर ओरडत होते, "सावकाश, सुनंदाताई! वेळ गेला खड्ड्यात!"

दार मोकळं व्हायला पाऊण तास लागला. सर घामानं चिंब. मला वाटलं, संपलं सगळं. माफी मागावी की नाय? तर माझ्या तोंडून काय निघालं? "सर, चार मिनिटं आधीच झालं हो!"

सरांनी रुमालानं घाम पुसला अन् माझ्या नावापुढं 'नापास' लिहिलं.

दुसऱ्या खेपेला पास झाले मी. पण आजबी नवी बॅच आली की सर मला मुद्दाम बोलावतात अन् सगळ्यांना सांगतात, "ध्येय कसं गाठायचं ते ह्या ताईंकडून शिका. अन् तेव्हा कुठं उभं राहायचं नाय, ते माझ्याकडून."