सिद्धटेकला न पोहोचलेला दिवस

देव आपल्यावर रुसलाय हे मी कुणापाशी बोलले नव्हते, पण पाचवा महिना लागला तेव्हा माझी तशी खात्रीच होऊन बसली होती. आधीचं बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतरच्या तपासण्यांत थायरॉईड कमी असल्याचं कळलं. अंग जड वाटणं, मूठमूठ केस गळणं, भर उन्हाळ्यात पाय गार पडणं, या सगळ्याला मी तोवर दमणूक समजत होते. शिरूरच्या डॉक्टरबाईंनी समजावलं, की गळ्यातली ही एवढीशी ग्रंथी कमी काम करते, जे कमी पडतं ते गोळीनं भरून काढता येतं, फक्त पुन्हा दिवस राहिले की लगेच यायचं. दिवस राहिले तशी मी लगेच गेले. गोळी एकदाही चुकवली नाही. तरी ग्रंथी कमी पडली की रिपोर्टमधला जो आकडा वाढतो, तो खाली यायचं सोडून दर वेळी वरच चढत होता.

"गोळी मधेच विसरता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "नाही हो मॅडम," मी म्हटलं. त्यांनी डोस वाढवून दिला. सुरुवातीचे महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या या हार्मोनवरच चालते, असं त्या पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी बरंच काही सांगितलं असणार, पण माझ्या कानात तेवढं एकच वाक्य राहिलं आणि मग ते जाईना. न्हावऱ्याच्या घरी कांदा निवडत बसले तरी तेच, शिलाई मशीनवर बसले तरी तेच. पोटात मासा फिरल्यासारखं काही हललं की जिवात जीव यायचा, आणि थोडा वेळ शांत गेला की मी पोट चाचपत बसायचे. संध्याकाळी दिवा लावताना हात जोडायचे, पण तोंडून प्रार्थनेऐवजी "माझंच का?" एवढंच निघायचं.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, त्यांच्या मनात वेगळीच भीती होती. एकदा भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "मागल्या बारीला मी सिद्धटेकच्या गणपतीला बोलले हुते, सुनंला पाया पडाया आनते म्हनून. ते तसंच र्‍हायलं. त्याचंच हे आसंल." मला तर कुणीतरी कारण सांगायलाच हवं होतं. मी लगेच मान डोलावली. आमचे हे रांजणगावच्या कंपनीत कामाला. सुट्टी मिळत नव्हती आणि गाडीवर न्यायला ते धजत नव्हते. "खड्डे लई हायती. तुम्ही दोघी एस्टीनं जावा," ते म्हणाले, "पन बरं वाटंना तर तसंच माघारी फिरायचं. देवाला राग यायचा न्हाई."

आम्ही निघालो. पारगावच्या पुलावर आत्यांनी भीमेला हात जोडले. चौफुल्याला गाडी बदलली, वरवंड गेलं, पाटस गेलं, आणि मी खिडकीला डोकं टेकून सारखी म्हणत होते, एकदा तुझ्या पायाशी येऊ दे, मग तू म्हणशील ते. दौंडच्या स्टँडवर उतरलो तर सिद्धटेककडची गाडी नुकतीच गेलेली. पुढची कधी, हे विचारायला आत्या चौकशीच्या खिडकीकडे गेल्या. मी उन्हात उभी होते. अचानक डोळ्यांपुढं काळोख आला, पायातलं बळ गेलं आणि मी तिथंच खाली बसले. त्या क्षणी मला वाटलं, संपलं. देवाला मी त्याच्या दारातसुद्धा नको आहे.

कुणीतरी मला काखेत हात घालून उठवलं. स्टँडसमोरच्या बांगड्यांच्या दुकानातली एक पोक्त मुसलमान बाई होती. तिनं मला दुकानात पंख्याखाली गादीवर आडवं केलं आणि चेहऱ्यावरून ओला हात फिरवून पाणी पाजलं. मागोमाग आत्या धावत आल्या, घाबरून रडकुंडीला आलेल्या. बाईंनी विचारलं, "पोटात काही हाय का पोरीच्या? उपाशी आनली काय?"

"न्हाई हो भाभी," आत्या कळवळून म्हणाल्या, "रोज उठल्या उठल्या गिलासभर दूध देते मी, आन् त्यासंगंच सगळ्या गोळ्या. थायराडची, रक्ताची, हाडाची. येक चुकू देत न्हाई."

 बाईंनी आतल्या बाजूला हाक मारली. त्यांची सून बाहेर आली. तिच्या कडेवर एक गुबगुबीत पोरगी होती, हातात काचेची लाल बांगडी घट्ट धरलेली. "हिलाबी हेच थायराड," बाई म्हणाल्या. सून माझ्याशेजारी टेकली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, मला दवाखान्यात सांगितलेलं, थायरॉईडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी. मग तासभर काही नाही. लोहाची आन् कॅल्शियमची चार तासांनी. दूधबी नंतर. सोबत घेतली तर अंगाला लागतच नाही. पन माझ्या बोलण्यावर जाऊ नका, आत्ताच तुमच्या डॉक्टरला फोन लावा."

मी तिथूनच फोन लावला आणि सगळ्या गोळ्या दुधाबरोबर घेते ते सांगितलं. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरोबर सांगितलंय त्यांनी. मीही सांगितलं होतं, पण तुम्ही तेव्हा फार रडत होतात. पुन्हा विचारायला हवं होतं मी. आज पुढं जाऊ नका. घरी जा आणि उद्या मला दाखवून जा."

फोन ठेवला आणि मी आत्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्हंजी माझ्या दुधानं..." एवढंच त्या बोलल्या. बांगडीवाल्या बाईंनी त्यांचा हात धरला. "दुधानं कुनाचं वाईट व्हतंय का? तुम्ही मायेनं दिलंत. आता तेच दूध दुपारी द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बेटा, दुवा करते तुझ्यासाठी. घरी जा." पाण्याचेसुद्धा आभार त्यांनी मानू दिले नाहीत. आम्ही सिद्धटेकच्या दिशेला तोंड करून स्टँडवरूनच नमस्कार केला आणि माघारी फिरलो.

गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेऊ लागले, तसा आकडा खाली येऊ लागला. आधी थोडा, मग नीट. पण माझी भीती गेली नाही, तिनं फक्त जागा बदलली. मी डॉक्टरबाईंना विचारलं, "आणि आधीचे महिने? त्यांचं काय?" त्या खोटं बोलल्या नाहीत. "सोनोग्राफी चांगली आहे. पण संपूर्ण खात्री आज मी देऊ शकत नाही. इथून पुढचं आपण नीट करू." त्या दिवशी घरी येऊन मी देवापुढं बसले आणि पहिल्यांदा काही मागितलं नाही. गेलेले महिने मला परत आणता येणार नव्हते, धुऊन काढता येणार नव्हते. ते मी त्याच्यापुढं ठेवले आणि म्हटलं, हे आता तुझं. मन तेवढ्यानं शांत झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी मी ते परत उचलून घेतलं, पुन्हा ठेवलं. असं किती वेळा केलं सांगता येत नाही.

मुलगी झाली. तिला पाहण्याआधी मी तिचं रडणं ऐकलं. दोन दिवसांनी तिच्या टाचेतून थायरॉईडच्या तपासणीसाठी रक्ताचे थेंब घेतले. रिपोर्ट येईपर्यंत आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. यांना कंपनीत दवाखान्यातून फोन आला, आणि त्यांनी तिथूनच मला फोनवर सांगितलं, "नॉर्मल हाय." आत्यांनी पोरीला उचललं आणि भिंतीकडे तोंड करून किती तरी वेळ उभ्या राहिल्या.

याला चमत्कार म्हणावं की नाही, हे मी ठरवत नाही. गाडी चुकणं मला शिक्षा वाटली होती, आणि चक्कर येणं हाकलून देणं वाटलं होतं. कृपा येते ती कधी कधी नको असलेल्या गोष्टीचंच रूप घेऊन येते, एवढं मात्र मी अनुभवलं. शरण जाणं म्हणजे औषध सोडून देवावर टाकणं नव्हे, हेही कळलं. मी गोळी अजून घेते, वेळेवर घेते, आणि ती घेतल्यावर जे उरतं ते त्याच्या हाती देते. ज्या हातांनी मला उन्हातून उठवलं, ते हातही त्याचेच होते, असं मानून रोज त्या घरासाठी दोन शब्द बोलते.

पोरगी आता पालथी पडायला लागली आहे. परवा मीच आत्यांना म्हटलं, सिद्धटेकला जायचं राहिलंय. त्या तिच्या टाळूवर तेल घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोरीला ऊन सोसंल तवा जाऊ. देव काय घाईत न्हाई."