न्हाणीतला रस्ता अपघात

मुकुंदवाडीत कुणाची गाडी कुणाला धडकली की पोलिसांच्या आधी बद्रीनाथ पोचतो. पोलिसांना मग यावंच लागत नाही, आणि यालाच तो समाजसेवा म्हणतो. तीस वर्षं त्यानं आमच्या भागात नळाचं पाणी सोडलं. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता सुटणार हे ज्याला ठाऊक, त्याला या शहरात नातेवाइकांचा तुटवडा नसतो. रिटायर झाला तेव्हा व्हॉल्व्हची चावी परत केली त्यानं, नातेवाईक जमवायची सवय तेवढी ठेवून घेतली.

त्याची पद्धत साधी आहे. भांडणाऱ्या दोघांच्या मधे उभं राहायचं आणि विचारायचं, "गाव कोणतं?" मग, "मामाचं गाव?" मग, "बहीण कुठं दिली?" मराठवाड्यात पाचव्या प्रश्नापर्यंत नातं लागलं नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. एकदा नातं लागलं की खेळ खलास. नात्यातल्या माणसावर केस कोण करतं? ज्याचं डोकं फुटलं तो रुमाल दाबून सखारामच्या टपरीवर चहा पितो, ज्यानं फोडलं तो चहाचे पैसे देतो आणि गर्दी घरी जाते. एकदा एका मास्तरचे दोन दात रस्त्यावर पडलेले होते, आणि हा मास्तरला सांगत होता, "तुमच्या चुलत्याचे व्याही निघाले हे, राम राम घाला." मास्तरनं घातला. दात नसल्यामुळं तो नीट ऐकू आला नाही, एवढंच.

स्वतः बद्रीनाथ हेल्मेट घालत नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, "डोकं झाकल्यावर लोकं वळखणार कशी?" डोक्याचा दुसरा काही उपयोग असतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी हा बायकोला मागं बसवून मोटारसायकलवर निघाला. बायको म्हणजे मनकर्णाबाई. पायमशीनवर ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. नळाच्या पगारावर बद्रीनाथचा रुबाब चालायचा, घर चालायचं ते त्या मशीनवर. तर दुभाजकातला वळायचा कट होता पुढं, आणि सखारामची टपरी अलीकडं. कोण एवढ्या लांब जाऊन वळणार? यानं गाडी घातली उलट्या बाजूनं. तेवढ्यात गल्लीतून एक पिकअप सुसाट बाहेर आली. पोरगा एका हातानं चालवत होता, दुसऱ्या हातात मोबाईल. मी टपरीवरच बसलेलो होतो, सगळं डोळ्यांनी पाहिलं. धडक बसली. बद्रीनाथचं कोपर खरचटलं. मनकर्णाबाईचा उजवा पाय आडव्या झालेल्या मोटारसायकलखाली सापडला आणि गुडघ्याच्या खाली मोडला.

पोरगा घाबरून खाली उतरला. बद्रीनाथ उठला, विजार झटकली आणि सवयीनं विचारता झाला, "कुठलं गाव रे?"

"गंगापूर तालुका, काका. चुकलं माझं."

"आजीचं माहेर कोणतं तुझ्या?"

"अहो," मनकर्णाबाई रस्त्यावरून म्हणाली, "माझा पाय."

"थांब जरा. नातं लागतंय."

आणि लागलं की हो. विश्वजीत नाव पोराचं, पिकअप त्याच्या स्वतःच्या नावावर, आणि हा निघाला बद्रीनाथच्या आत्याच्या जावेचा नातू. "म्हणजे पुतण्याच झालास की तू," असं म्हणून बद्रीनाथनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. सखाराम पोलिसांना फोन लावत होता, त्याला यानं हातानंच थांबवलं. "कशाला? घरातलंच माणूस हाय."

उस्मानपुऱ्यातल्या एका दवाखान्यात नेलं. रस्त्यावरचा अपघात म्हटला की दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं, हे बद्रीनाथला पक्कं ठाऊक होतं. म्हणून खिडकीवरच्या मुलीनं "काय झालं?" विचारलं तेव्हा तो म्हणाला, "न्हाणीत घसरून पडली." मनकर्णाबाई शेजारी स्ट्रेचरवर होती. दुखण्यानं दात आवळलेले होते, पण कान उघडे होते. मुलीनं लिहून घेतलं, न्हाणीत घसरून.

पायात रॉड पडला. विश्वजीत दोनदा द्राक्षं घेऊन आला, "काकू, सगळा खर्च माझा," म्हणाला. तिसऱ्या वेळी त्याचा फोनच लागेना.

"कापसाचा सीझन चालू हाय," बद्रीनाथ म्हणाला, "भाड्यावर असंल बिचारा."

डॉक्टर म्हणाले, वर्षभर मशीनच्या पायट्याला पाय लावायचा नाही. पुढं लावता येईल का, ते तेव्हा बघू.

कोपऱ्यावरची रूपाली जिल्हा कोर्टात वकिली करते. तिचे दोन ब्लाउज मनकर्णाबाईकडं अडकले होते, ते न्यायला आली आणि पाय बघून खालीच बसली.

"मावशी, पोलिसांत काय दिलंय?"

"काय नाय."

"आणि दवाखान्याच्या कागदावर?"

"न्हाणी."

रूपाली हसली, मग हसायची थांबली. "पिकअपला विमा असतो मावशी, न्हाणीला नसतो. अपघाताच्या दाव्यांचं कोर्टच वेगळं असतं. तिथं उपचाराचा खर्च, बुडालेलं शिवणकाम, पायाचं कायमचं नुकसान, सगळं मागता येतं. तुम्ही मागं बसलेल्या, तुमची काडीची चूक नाही. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. सखाराममामा साक्षीला येतील. फक्त न्हाणी ज्यांनी सांगितली, त्यांनीच ती खोटी होती असं पोलिसांत लिहून द्यायला पाहिजे. आणि लिहायचं तर सगळं. काका उलट्या बाजूनं आले, हेसुद्धा."

काका दारातच उभा होता. "नात्यात केस? गंगापूरला तोंड कसं दाखवू मी?"

"नातं तुम्ही लावलंय," मनकर्णाबाई म्हणाली. "पाय माझा मोडलाय."

"पण मी मिटवलेलं हाय ते. चार लोकांत शब्द गेलाय माझा."

मनकर्णाबाईनं दवाखान्याचा कागद मागून घेतला आणि उशाखाली ठेवला. पस्तीस वर्षांच्या संसारात बाईनं वाद घालणं सोडलं की काय होतं, हे बद्रीनाथला कळायला पाहिजे होतं. पण तो अपघातांमधे गुंतलेला माणूस.

दुसऱ्या दिवसापासून जी बाई ब्लाउज मागायला येई, तिला मनकर्णाबाई दवाखान्याचा कागद दाखवी. "माझा काय दोष? हे बघा, न्हाणीत पडले म्हणून लिहिलंय. यांनीच सांगितलं तसं." खोटं एक अक्षर नाही. पण मुकुंदवाडीतल्या बायका कागदावर थांबणाऱ्या नव्हेत. न्हाणीत पडली, आणि नवऱ्यानं सांगितलं? म्हणजे ढकललीच असणार. दुपारपर्यंत ढकलली, संध्याकाळपर्यंत बादलीनं मारली. मीही थोडा हातभार लावला, लपवून काय करू. दोनच ठिकाणी बोललो, पण ठिकाणं निवडून: एक न्हाव्याचं दुकान, दुसरी सखारामची टपरी. सखारामनं स्वतः अपघात पाहिलेला, तरी तो म्हणाला, "आपल्याला काय म्हाईत, रस्त्यावर पडायच्या आधीच ढकलली असंल."

आठ दिवसांत बद्रीनाथची समाजसेवा बसली. रेल्वे स्टेशनाजवळ दोन मोटारसायकली भिडल्या. हा धावत गेला, मधे उभा राहिला, "गाव कोणतं?" म्हणाला. एका पायजमेवाल्यानं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका, आधी घरच्या न्हाणीचं मिटवा." गर्दी हसली. त्याच्या डोळ्यांदेखत दोघांनी पोलिसांना बोलावलं, पंचनामा झाला, आणि कुणाचा कुणाशी संबंध काय, हे कुणीही विचारलं नाही. घरी आला तो न जेवता झोपला. स्वयंपाक त्यालाच करायचा होता, त्यामुळं बायकोही तशीच.

सकाळी तो चौकीत गेला. मी सोबत होतो, मला त्यानंच साक्षीला नेलं. सगळं सांगितलं त्यानं: उलटी बाजू, पिकअप, मोबाईल, टपरी. दवाखान्यात खोटं बोललो, तेही. हवालदार लिहिता लिहिता थांबला.

"काका, उलट्या बाजूनं आलात म्हणताय. ते तुमच्यावर पण येईल बरं का."

"येऊ द्या."

"दवाखान्यात खोटी माहिती दिली, तेही विचारतील."

"विचारू द्या हो. गुन्हा लावायचा तो लावा, पण ती न्हाणी आधी खोडा."

हवालदारानं न्हाणी खोडली नाही, तसं खोडता येत नसतं. जबाबात खुलासा म्हणून लिहून घेतली आणि दवाखान्याला पत्र धाडलं. रूपालीनं मग दावा दाखल केला. त्यात एक सामनेवाला विश्वजीत, एक त्याची विमा कंपनी आणि एक बद्रीनाथ. नोटीस घेऊन पोस्टमन घरी आला, तेव्हा बायकोनं आपल्यावर केलेल्या दाव्याची पोच यानं बायकोच्याच पेनानं सही करून दिली. मला म्हणाला, "सामनेवाला व्हय मी. आता तिला कोर्टात रिक्षानं न्यायचं कुणी? मीच."

पहिल्या तारखेला नेलंही. मनकर्णाबाई वॉकर टेकत व्हरांड्यात आली, तर बाकावर विश्वजीत बसलेला, सोबत गंगापूरचे चार पाहुणे. बद्रीनाथ खांबाआड सरकला. पोरगा मात्र लगबगीनं उठला, "काकू," म्हणत वाकला.

काकूनं वॉकर पुढं घेतला.

"पाया पडणं राहू दे," ती म्हणाली. "गाडीच्या विम्याचा कागद आणलाय का, तेवढं सांग."