थर्माकोलचं छत

माझ्या हातात कला आहे असं सगळे म्हणायचे आणि मला ते आवडायचं. गिरगावच्या चाळीत होतो तेव्हा आमच्या मजल्यावरच्या निम्म्या घरांचे गणपतीचे मखर मीच कापून द्यायचे. तापलेल्या तारेने थर्माकोल कापायचा, कडांवरून हलक्या हाताने पॉलिश पेपर फिरवायचा आणि दोन तुकडे असे जोडायचे की सांधा कुठे आहे ते दुसऱ्या दिवशी मलाही सापडू नये. माझी सगळी कारागिरी त्या सांध्यात होती. कोणी मखराजवळ वाकून बोट फिरवून पाहिलं की मी मुद्दाम दुसरीकडे बघत उभी राहायचे, पण कान त्याच्याकडेच असायचे.

चाळ सुटली आणि आम्ही मीरा रोडला आलो, शांती नगरच्या जवळच. चौथा मजला, लिफ्ट नाही, वर थेट गच्ची. दोन खोल्या स्वतःच्या आणि संडास घरात, एवढ्यावर मी वर्षभर खूष होते. दुसऱ्या पावसाळ्यात हॉलच्या छतावर ओल आली. आधी ताटाएवढी, मग सोफ्याएवढी. रंगाचे पापुद्रे सुटले, त्याखालचं प्लास्टर फुगलं आणि एका सकाळी केर काढताना माझ्या झाडूत सिमेंटचे खडे आले.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की तळमजल्यावरचे म्हणत, गच्ची आमच्या डोक्यावर नाही. तिथे मी किती भांडले असेन! एका मीटिंगमधून तर खुर्ची सरकवून निघून आले आणि चप्पल तिथेच राहिली. भांडून काही झालं नाही. शेवटी काशीमीऱ्याकडचा एक मिस्त्री आणला. त्याने स्टुलावर चढून हातोडीच्या दांड्याने छत ठोकलं. भिंतीजवळ आवाज टणटणीत येत होता. मध्यावर आल्यावर भद, भद असा आला. त्याने ठोकायचं थांबवलं आणि खाली उतरून मगच बोलला.

“भाभी, इसको हाथ मत लगाना. सरिया फूल गया है. कभी भी पूरा आएगा.”

छताच्या आतल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या. त्याच दुपारी मी आमच्या मुलाची गादी हॉलमधून उचलून आतल्या खोलीत टाकली. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे कोणी मला विचारलं की तुला कितपत कळलं होतं, तर उत्तर त्या गादीत आहे.

पाचव्या दिवशी चहा पिताना नवरा म्हणाला, “विकून टाकू.”

“आणि घेणारा काय मान वर करून बघणार नाही?”

“तू आहेस ना,” तो म्हणाला.

मला राग यायला हवा होता. एरवी नाकावर राग घेऊन फिरणारी बाई मी. पण त्या तीन शब्दांनी मी फुलले, हे लाजेने कबूल करते. दुसऱ्या दिवशी मी कागदावर हॉलचं चित्र काढायला बसले होते.

काशीमीऱ्याच्या एका गोदामात नवऱ्याची ओळख होती. तिथे फ्रीज आणि टीव्हीच्या खोक्यांतला थर्माकोल ढिगाने पडून असायचा. त्यातले सपाट मोठे तुकडे आम्ही रिक्षातून दोन खेपांत आणले. ओल्या छताला डिंक धरेना, म्हणून नवऱ्याने भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी पट्ट्या मारल्या आणि मी त्यांवर चौकोन बसवत गेले. प्रत्येक चौकोनाला नक्षीची किनार. छताच्या मध्यावर झोपाळ्यासाठी बिल्डरने सोडलेला लोखंडी हूक होता, तो झाकायला एक आठ पाकळ्यांचं कमळ. सांधे असे की बोट फिरवून पाहा.

मग बाकीच्या खोलीकडे वळले. माझ्या आईच्या जुन्या नारायणपेठ साडीचे पडदे केले, काठ खाली ठेवून. पत्र्याच्या ट्रंकेवर फोमचा तुकडा टाकला आणि उरलेल्या साडीची खोळ चढवली, तर बसायला छान बैठक झाली. एकाच भिंतीला हळदी रंगाचा डिस्टेंपर लावला, बाकीच्या पांढऱ्याच ठेवल्या. कपाटाच्या दाराचा आरसा काढून खिडकीसमोर टांगला, त्यामुळे खोलीत दुप्पट उजेड वाटायला लागला. ट्यूबलाइट काढून पिवळा दिवा लावला. औषधाच्या बाटल्यांत मनीप्लांट. शेजारीण आत आली आणि दारातच थबकली. “अय्या, हे तुमचंच घर?” म्हणाली. खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली. इतकं सुंदर घर माझं कधीच नव्हतं आणि ते मी दुसऱ्याला देण्यासाठी सजवत होते.

फक्त दुपारी, सगळे बाहेर गेले की, वरून आवाज यायचा. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. थर्माकोलवर खडे पडत होते. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, पाल असेल. मीही ते धरून बसले. पुढे पुढे तर मी त्या वेळेला रेडिओ मोठा लावून ठेवायला लागले.

घर बघायला पाच-सहा जण आले. ज्यांनी घेतलं ते लालबागचं एक तरुण जोडपं होतं. तो अबोल, कुठल्याशा ऑफिसात कामाला. ती बडबडी, सहावा महिना लागलेला. चार मजले चढून आल्यामुळे ती धापा टाकत ट्रंकेच्या बैठकीवर बसली आणि वर पाहून जोरात हसली.

“ताई, किती मस्त केलंय हो! हे कमळ तुम्ही कापलंत? हाताने?”

मी पाणी दिलं. पाणी पिता पिता तिने सांगून टाकलं की तिची आई लहानपणीच गेली, माहेर असं नाही, म्हणून बाळंतपण इथेच करायचं आहे, सासूबाई गावाहून येणार आहेत. मग तिने विचारलं, “इथे हूक आहे का हो? पाळणा टांगायला?”

मनात पाल चुकचुकली असं म्हणतात. माझी तर डोक्यावरच होती. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. मला वाटलं, आता हाच काहीतरी म्हणेल. त्यालाही बहुतेक तेच वाटलं असावं.

“आहे की,” मी म्हणाले. “कमळाच्या मागे. चांगला मजबूत आहे.”

पडदे, बैठक सगळं त्यांच्यासाठी तिथेच ठेवून आम्ही दोन गल्ल्या सोडून पहिल्या मजल्यावर घर घेतलं. नव्या घरात मी काहीच सजवलं नाही. पडद्यांच्या तारेवर जुन्या चादरी टाकल्या. नवरा म्हणायचा, जरा हात फिरव की. मी त्याच्यावर खेकसायचे. भाजीला जाताना मी लांबच्या रस्त्याने जायचे, म्हणजे ती बिल्डिंग लागू नये. तरी पाऊस मोठा झाला की मी मनात महिने मोजायचे. सातवा. आठवा. रोज ठरवायचे की उद्या जाऊन सांगायचं. सकाळ झाली की वाटायचं, त्यांनी आतापर्यंत पाहिलंच असेल, नाहीतर सोसायटीने गच्ची दुरुस्त केली असेल. स्वतःला फसवायला मला तार आणि डिंकही लागत नव्हता.

एका संध्याकाळी तो अबोल मुलगा आमच्या दारात उभा राहिला, हातात पेढे घेऊन. मुलगी झाली होती.

“परवा बारसं आहे,” तो म्हणाला. “मला बहीण नाही. बायको म्हणते, ताईंनाच आत्या करू. त्यांनी आपल्याला एवढं छान घर दिलं. याल ना?”

नाव ठेवायचा मान आत्याचा. बाळाच्या कानात पहिल्यांदा नाव तिने सांगायचं आणि मग बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे. सख्खी नसली की मानलेली आत्या शोधतात आणि मानलेल्या आत्याला मान जास्तच देतात. तो गेल्यावर मी नवऱ्याकडे पाहिलं. “जाऊन ये,” तो म्हणाला. “पण तिथे काही बोलू नकोस.” बारशाच्या दिवशी त्याचं डोकं दुखायला लागलं आणि तो घरीच राहिला.

मी चार मजले चढले. हॉलमध्ये पंधरा-वीस बायका होत्या. माझे पडदे तसेच होते. त्यांनी काहीच बदललं नव्हतं, माझी खोली जशीच्या तशी जपली होती. फक्त कमळाच्या मधोमध गोल भोक पाडून हूक मोकळा केला होता आणि त्याला पाळणा टांगला होता. झेंडूच्या माळा, फुगे, खाली रांगोळी. पाळण्यात नवंकोरं गुलाबी दुपटं अंथरलं होतं. बाळंतीण पाटावर बसली होती, काजळ घातलेली, थकलेली आणि भलतीच आनंदात. तिने मला जवळ बोलावलं आणि कानात मुलीचं नाव सांगितलं. “अजून कुण्णाला माहीत नाही हं ताई. सासूबाईंनासुद्धा नाही.”

चालीप्रमाणे आधी वरवंटा आला, टोपरं घालून बाळासारखा नटवलेला. दोघी जणींनी तो पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींच्या हातात दिला, गाणं म्हटलं आणि पाळण्यात ठेवला. वरवंट्याच्या भाराने पाळणा किंचित झुलला. तेव्हा मी पाहिलं, गुलाबी दुपट्यावर पिठासारखं काहीतरी पांढरं पडलं. सासूबाईंनी ते हाताने झटकलं. “कमळाचा भुगा पडतो मधनंमधनं,” त्या मला म्हणाल्या.

मग मुलगी माझ्या हातात आली. बारा दिवसांची, दोन हातांत मावेल एवढी. तिची मूठ माझ्या बांगडीला अडकली. आता मी तिला पाळण्यात ठेवायचं, वाकायचं आणि नाव सांगायचं. गाणं थांबलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

मी ठेवलं नाही. मी तिला छातीशी धरून एक पाऊल मागे आले.

“आत्याबाईंना साडी पसंत नाही वाटतं!” कोणीतरी म्हणालं आणि एकच हशा झाला. आत्याने आडून बसायचं, मानाची साडी वाढवून घ्यायची, ही नेहमीची थट्टा. बाळंतीणही हसली. “अहो ताई, मागाल ते देऊ, पण ठेवा तिला.”

“मी हिला यात ठेवणार नाही,” मी म्हणाले. “वरचं छत कुजलंय. सळ्या फुगल्यात. सगळ्यांनी आधी इथून बाजूला व्हा.”

हशा विझला. सासूबाई उठल्या. “शुभ कार्यात हे काय बोलता बाई?” एक बाई म्हणाली, दृष्ट लावायला आलीय. दुसरी वर पाहून म्हणाली, इतकं चांगलं तर छत आहे. मी ओरडले तेव्हा माझा आवाज चिरकला. “बाजूला व्हा म्हणते ना! मीच झाकलंय ते!”

बायका भिंतीला सरकल्या, छताच्या भीतीने की माझ्या, देव जाणे. पुरुष मंडळी बाहेर जिन्यात होती, ओरडा ऐकून तो मुलगा आत आला. त्याने कोपऱ्यातला लादी पुसायचा दांडा उचलला आणि दूर उभं राहून कमळाला टेकवला. चौकोन वर गेला नाही, जड झाला होता. त्याने जरा जोर लावला. कमळ मोडलं आणि वर साठलेले खडे आणि भुगा भसकन पाळण्यात आला. त्यामागोमाग अर्ध्या लादीएवढी एक खपली वरवंट्यावर आदळली. वरवंट्याचं टोपरं फाटलं. धूळ बसल्यावर सगळ्यांना वर दिसलं, गंजून काळ्या झालेल्या सळ्या, आणि एका बाजूने उघडा पडलेला तो हूक.

माझ्या हातातली मुलगी झोपली होती. तिची आई पाटावरून उठली, टाके असल्यामुळे हळूहळू, भिंतीला धरून. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मी हुकाचं विचारलं होतं,” ती म्हणाली. “तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

काहीतरी बोलता आलं असतं. इतकं वाईट असेल असं वाटलं नव्हतं, नवऱ्याने सांगितलं म्हणून, सोसायटी ऐकत नव्हती म्हणून. सगळी वाक्यं तयार होती, कितीतरी महिन्यांपासून मी ती घासून ठेवली होती.

“हो,” मी म्हणाले.

तिने मुलीची मूठ माझ्या बांगडीतून सोडवली आणि तिला माझ्याकडून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही निघा आता.” मी निघाले. जिन्यातल्या पुरुषांनी मला वाट करून दिली.

पुढे दोन्ही घरच्या माणसांच्या बैठका झाल्या, ते घर कसं आणि कोणी दुरुस्त करायचं ते ठरलं, नवरा कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. वर्षभराने भाजी घेताना ती मला बाजारात दिसली. मुलगी नुकती चालायला लागली होती आणि आईचा हात सोडून टोमॅटोच्या पाटीकडे निघाली होती. तिने मला पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल. तिने मुलीला नावाने हाक मारली आणि मुलगी वळली. ते नाव तिने मला कानात सांगितलेलं नव्हतं, दुसरंच होतं.