ती सरडा

चौबळकाकांच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या हातात दोन बॅगा होत्या आणि तोंडात कोल्हापूर. हाउन्सलोच्या त्या एकसारख्या घरांच्या रांगेत नंबर शोधून शोधून मी दमले होते. दार उघडताच आनंदाने म्हणाले, "काका, मी आलो!" काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "आलो? बरोबर कोण गृहस्थ आहेत?" आमच्याकडे बायकाही 'आलो, गेलो, जेवलो' असंच म्हणतात, हे मी सांगायला लागले. ते म्हणाले, "तुमच्याकडे काय वाटेल ते म्हणा. या उंबऱ्याच्या आत क्रियापद कर्त्याला विचारून येतं. चल, आत ये." त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'कोल्हापूर' ठेवलं आणि मी त्यांच्याकडे असेपर्यंत ते बदललं नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. सॉफ्टवेअरवाल्यांची रीघ लागली होती आणि मीही व्हिसा घेऊन टेस्टिंगच्या नोकरीवर आले होते. काकांच्या वरच्या मजल्यावरची बॉक्सरूम, म्हणजे एका पलंगापुरती खोली, मला भाड्याने मिळाली. काका ठाण्याचे. तीस वर्षं विमानतळावर कार्गोमध्ये काढून नुकतेच निवृत्त झालेले. पण नोकरी हा त्यांचा जोडधंदाच म्हणायचा. खरे उद्योग दोन. एक, रविवारी चर्चच्या हॉलमध्ये इथल्या मुलांना मराठी शिकवणं. दुसरा, मंडळाच्या गणपतीचं मखर करणं.

वर्गात त्यांचं एकच सूत्र होतं, "आधी लिंग ठरवा, मग तोंड उघडा." एखादं पोर 'माझा आई' म्हणालं की ते खुर्चीवरून असे उठत, जणू कुणी त्यांच्या पायावर ट्रॉली घातली आहे. मखराच्या बाबतीतही सूत्र होतंच, "देव असो की नवरदेव, मागे पडदा पाहिजे." टीव्हीच्या दुकानांमागच्या कचऱ्यातून ते थर्माकोल उचलून आणत आणि तापलेल्या तारेने त्याच्या कमानी कापत. रिकामी भिंत दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. गॅस मीटरच्या पेटीलाही त्यांनी महिरप केली होती. मीटर वाचायला येणारा माणूस दर वेळी तिच्याकडे बघून "लव्हली" म्हणे आणि काका आठवडाभर खूश असत.

त्यांची एकुलती एक मुलगी रेणू. जन्म इथला, शाळा इथली. मी राहायला गेले त्याच महिन्यात ती एडिनबराला युनिव्हर्सिटीत शिकायला गेली आणि जाताना आपला सरडा मागे ठेवून गेली. साधासुधा नव्हे, तर पाळीव, हिरवागार, डोक्यावर टोकदार तुरा असलेला कॅमेलियन. नाव पिकल. निघताना काकांना म्हणाली, "बाबा, पिकलला नीट बघा हं. ती खूप शाय आहे."

"ती नव्हे, तो," काका म्हणाले. "सरडा. पुल्लिंगी."

"नो बाबा, पिकल इज…"

"पिकल म्हणजे लोणचं. लोणचं नपुंसकलिंगी. तो म्हण नाहीतर ते म्हण. ही 'ती' कुठून आली?"

रेणूने आईकडे पाहिलं, खांदे उडवले आणि बॅग उचलली. आईशी, म्हणजे काकूंशी, ती तासन्तास फोनवर बोले, तेही सगळं इंग्लिशमधून. कोण फ्लॅटमेट भांडखोर, कुठला प्रोफेसर खडूस, हे सगळं काकूंना ठाऊक. काकांशी ती मराठीत बोले, कारण त्यांच्याशी मराठीतच बोलायचं हा घरचा नियम. म्हणून ते बोलणं दोन मिनिटांत संपे. "माझा परीक्षा झाला." "माझी परीक्षा झाली." "हो, तेच. आईला द्या." काका रिसीव्हर काकूंच्या हातात देत आणि तिथेच उभे राहून वर्तमानपत्र वाचल्याचं सोंग करत. त्यांना पोरीच्या आयुष्यातलं काहीतरी ऐकायचं असायचं, हे कुणालाही कळलं असतं. फक्त त्यांना मागता येत नव्हतं.

तेव्हा त्यांनी सरड्याला जीव लावला. रेणूच्या खोलीतला जाळीचा पिंजरा पाहून म्हणाले, "हे काय, कोंबड्यांचं खुराडं?" पंधरा दिवस करवत चालली. पुढच्या खोलीत, खिडकीशेजारी, माझ्या खांद्याइतका उंच, सागवानी रंगाचा जाळीचा महाल उभा राहिला. आत चार खांब, थर्माकोलची कमान, जरीच्या झिरमिळ्या, लुकलुकणारी माळ आणि मागे पडदा हवाच, म्हणून अख्खा आरसा. पिकलला आत सोडलं. त्याने एक डोळा आमच्याकडे आणि एक आरशाकडे फिरवला, आरशात आपला शत्रू पाहिला, आणि काळाठिक्कर पडून फिस्कारला. "नाटकी आहे," काका म्हणाले. पण आरसा काढला. मग झिरमिळ्या गेल्या, मग माळ गेली. पाळीव प्राण्यांच्या दुकानातला पोरगेला माणूस सांगे ते ते काका कपाळाला आठ्या घालून ऐकत. उंच फांद्या, मनीप्लांटचे वेल, कुंडीतली जास्वंद, वर उबेचा दिवा. तळाला मात्र त्यांनी आपल्या मनासारखं केलं. गोल गुळगुळीत गोटे सिमेंटने चिकटवून एक नदी केली आणि काठावर थर्माकोलचा घाट बांधला.

कॅमेलियन वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरून गळणारे थेंबच चाटतो, हे कळल्यावर काका तडक देवघरात गेले आणि शंकराच्या अभिषेकाचं भोकाचं पात्र घेऊन आले. ते पिंजऱ्यावर टांगलं. काकू कडाडल्या, "देवाचं पात्र सरड्याला?"

"महादेवाच्या गळ्यात नाग चालतो," काका म्हणाले, "मग सरड्याने त्याच्या पात्रातलं पाणी प्यायलं तर कुठे बिघडलं?"

काकूंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पिकलला जास्वंदीच्या पानावरचे थेंब चाटताना पाहून त्याच मला हाक मारून दाखवायला लागल्या. त्याचं खाणं म्हणजे जिवंत रातकिडे. त्यातले दोन-चार निसटून सोफ्याखाली गात बसायचे. "चला, तेवढंच कोकणात गेल्यासारखं वाटतं," असं म्हणून काकूंनी तेही पोटात घातलं.

फेब्रुवारीत पिकल बिघडला. फांद्या सोडून तळाला उतरला आणि गोट्यांवर नखं घासत राहिला. खाणं बंद. अंग वाळलेलं, पोट मात्र फुगलेलं. काकांनी निदान केलं, "त्याला सजावट आवडेनाशी झाली." मग एका आठवड्यात त्यांनी तीनदा वेल बदलले, घाटाला नवा रंग दिला. सरडा त्या रंगाकडे ढुंकूनही न बघता नदी उकरत होता. काकांना झोप लागेना. एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाले, "कोल्हापूर, पोरीने एकच वस्तू माझ्या भरवशावर ठेवली आहे गं." एरवी खणखणीत बोलणाऱ्या त्या माणसाचा आवाज इतका बारीक झालेला मी पहिल्यांदाच ऐकला आणि मला फार वाईट वाटलं. पण रेणूला कळवायचं नाही, अशी आम्हा दोघींना ताकीद होती.

त्या रविवारी फोन आला. रिसीव्हरमधून रेणूचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. "बाबा, ती जेवतो का?"

"तो जेवतो का," काकांनी सुधारलं.

"ओके. तो जेवतो का?"

"हो, जेवतो."

खोटं होतं, पण शुद्ध मराठीत होतं.

मला राहवेना. सोमवारी सकाळी मी पिकलचा फोटो काढला आणि ताकीद मोडून ऑफिसातून रेणूला ईमेल केला. पंधरा मिनिटांत माझा मोबाइल वाजला. रेणू अक्षरशः ओरडत होती. पिकल मादी होती. मादीला, कोंबडीसारखीच, नर नसतानाही अंडी होतात. ती अंडी पुरायला तिला ओली वाळू लागते. वाळू मिळाली नाही तर ती अंडी पोटात धरून ठेवते आणि मरते. "शी इज डिगिंग! तिला बकेट दे! टुडे!"

मी डोकं दुखतंय असं सांगून ऑफिसातून पळाले. दारातूनच ओरडले, "काका, तो ती आहे!"

"नीट वाक्य बोल."

"तो… ती… अहो काका, लोणचं बाई आहे! पोटात अंडी आहेत तिच्या!"

काका चष्मा काढून पुसत राहिले. मग छिन्नी-हातोडा घेऊन आले आणि महिनाभर घडवलेली ती नदी त्यांनी दहा मिनिटांत फोडून काढली. घाट मोडून कचऱ्यात गेला. मी आणि काकू बाजारातून वाळूची पिशवी आणि गवंड्याची काळी, ओबडधोबड बादली घेऊन आलो. वाळू किती ओली हवी, यावर वाद सुरू झाला, तेव्हा काकूंनी मूठ वळून दाखवली, "लाडू वळला गेला पाहिजे. उगाच सल्ले देऊ नका." ती कुरूप बादली त्या महालात, अगदी मधोमध बसली. तिच्या काठाला जरीची झालर लावायचा विचारही काकांच्या मनात आला नाही. कुणी पाहत असलं तर ती खणायचं थांबवते, असं रेणूने बजावलं होतं. म्हणून पिंजऱ्यावर चादर टाकली आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

तिथून काकांनी रेणूला फोन लावला. त्यांनी आपणहून लावलेला तो पहिला फोन. काकूंनी स्पीकरचं बटण दाबलं.

"रेणू, बादली ठेवली. ती आत उतरली आहे. ती खणते आहे."

"बाबा, तुम्ही 'ती' म्हणाले."

"हं."

"मी पहिला दिवसपासून 'ती' म्हणते. मी मिस्टेक नव्हती करत. मी तुम्हाला सांगत होते. तुम्ही ऐकतच नाही, बाबा. तुम्ही फक्त करेक्ट करता." तिचा आवाज भरून आला होता. "म्हणून मी तुमच्याशी बोलत नाही. मला बोलायचा असतो. पण दर वेळी असं वाटतो की पेपर तपासायला दिला आहे."

दोन वाक्यांत तीन चुका होत्या. माझ्यासारखीलाही कळल्या. काकांचे ओठ हलले. मला वाटलं, आता हे सुधारणार, आणि मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवायची तयारी केली. काका म्हणाले, "चुकलं माझं, बाळा. माझं व्याकरण बरोबर होतं, पण सरडा चुकला. तू बोल. कसंही बोल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिकल वर आली. तोंडाला वाळू, कातडी लोंबणारी. अंडी पुरून तिने भोक पुन्हा नीट बुजवून टाकलं होतं. हळूहळू फांदीवर चढली आणि अभिषेकपात्राखाली तोंड उघडून बराच वेळ थेंब पीत राहिली. काकू रडल्या. मीही रडले. काका मात्र शब्दकोश घेऊन बसले होते. सरड्याचं स्त्रीलिंग सरडी की सरडीण, यावर त्यांनी दोन दिवस काढले आणि शेवटी वर्गातल्या फळ्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'ती सरडा.' एका मुलाच्या आईने तक्रार केली. काकांनी तिला सांगितलं, "बाई, अपवाद आहे. पाहायला घरी या." ती खरंच आली.

ईस्टरच्या सुट्टीत रेणू घरी आली. माझं प्रोजेक्ट संपलं होतं आणि त्याच शनिवारी माझं परतीचं विमान होतं. सकाळपासून बापलेक पिंजऱ्यापुढे बसून तो नव्याने लावत होते. रेणूची जीभ थांबत नव्हती. "बाबा, हा फांदी इकडे नको, ती पडेल. माझा फ्लॅटमेट मला म्हणाली की स्कॉटलंडमध्ये पाऊस कधी थांबत नाही, आणि ती खरं बोलला." वेल कुठे बांधायचा, यावर दोघांचं भांडण झालं. प्रोफेसर किती खडूस, हेही काकांना कळलं. काका 'हं', 'बरं', 'मग?' एवढंच म्हणत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि हातातली पक्कड दोनदा खाली पडली.

दुपारी ते माझी मोठी बॅग ओढत मला ट्यूब स्टेशनपर्यंत सोडायला आले. तिकिटाच्या फाटकापाशी थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "सत्तावीस."

"काय सत्तावीस, काका?"

"चुका. पोरीने सकाळपासून सत्तावीस चुका केल्या. मोजल्या मी."

"आणि एकही सुधारली नाही?"

काकांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लहान मुलासारखे हसत होते. "सत्तावीस गं, कोल्हापूर," ते म्हणाले. "म्हणजे बघ, किती बोलली माझ्याशी!"