उपाहारानंतरचा बळी

पत्रक मीच लिहिलं होतं. बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या छापखान्यात दोनशे प्रती काढल्या. "चार दिवस खेळायचं, निकाल नाही, आणि पहिल्या डावात चार धावा जास्त म्हणून वरचढ ठरायचं! आघाडी ठरली की सामना थांबवा! प्रेक्षकांची थट्टा बंद करा!" कॉलेजात मला सगळ्याचाच राग यायचा. रणजीचा तर जरा जास्तच.

ज्या सामन्यात ती वाटायची होती, त्यातच माझा दादा बडोद्याकडून खेळत होता. आयुष्यात पहिल्यांदा, तेही नेहमीच्या फिरकी गोलंदाजाचं बोट मोडलं म्हणून. समोर महाराष्ट्र. त्यांच्या पहिल्या डावात कप्तानाने त्याला तीन षटकं दिली. बळी नाही. बळी न घेता परतलो तर पुन्हा कोणी विचारणार नाही, हे तो आदल्या दिवशी जेवताना बोलला होता. बाबा कोयलीच्या रिफायनरीतल्या नोकरीतून रजा काढून चारही दिवस येऊन बसले.

चौथ्या दिवशी उपाहाराच्या आत बडोद्याने आघाडी घेतली. माझ्या लेखी सामना संपला. मी जवळपास ओस पायऱ्यांवर पत्रकं वाटत सुटले. एका काकांनी आणखी दोन मागून घेतली आणि ते त्यांवर शेंगांची टरफलं टाकायला लागले.

"अहो काका, वाचा तरी!"

"वांच्युं, बेन. साचुं छे. पण घरे जइने शुं करुं?"

घरी जाऊन करायचं काय, याचं उत्तर पत्रकात नव्हतं.

चहानंतर महाराष्ट्राचा दुसरा डाव नुसता चालू होता; आमचे मोठे गोलंदाज दमले, की कंटाळले, कोण जाणे. यष्टिरक्षकानेसुद्धा ग्लोव्हज काढून एक षटक टाकलं. मग दादा. दुसऱ्याच षटकात फलंदाज पुढे आला, चेंडू वळला, स्लिपमध्ये झेल! बाबा उभे राहिले. मीही ओरडले. पत्रकं पायऱ्यांवर पसरली होती, हे नंतर दिसलं.

सकाळी दादाने पेपर माझ्यासमोर धरला.

"तुझ्या पत्रकाप्रमाणे सामना कधी संपला?"

"उपाहाराला."

"मग हा काय?" त्याने आपल्या नावापुढच्या बळींच्या रकान्यातल्या एकच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"तत्त्वाचा प्रश्न वेगळा, दादा, तू वेगळा."

"म्हणजे काय गं?" बाबांनी विचारलं.

महिन्याभराने पुढचा सामना आला, तोवर नेहमीच्या गोलंदाजाचं ते बोट बरं झालेलं होतं. दादा संघात नव्हता. नंतरही कधी नव्हता. रणजीतला त्याचा एवढाच तो बळी, आणि मी तोच बंद करायला निघाले होते. मागणी चूक होती, असं तरी कसं म्हणू? त्या सामन्यालाही उरलेला गठ्ठा घेऊन मी गेटपाशी उभी राहिले खरी, पण हात पुढे होईना. ते शेंगावाले काका आले, टरफलांसाठी कागद मागायला. "बेन, कागळ?"

अख्खा गठ्ठाच देऊन टाकला.