पाच आठवडे उशिरा पोहोचलेले पुस्तक

गुरुवारी संध्याकाळी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून शेवटचा हात फिरवला आणि ठरवले की हे कोणाच्या हाती पाठवायचे नाही, आपणच नेऊन द्यायचे. माढा तालुक्यातल्या त्या गावी मी लहानपणी एकदा आईबरोबर गेलो होतो. तिथल्या आपल्या ख्रिस्ती मंडळीकडे सोलापुरातून फारसे कोणी जात नाही, म्हणून वाटेची माहिती नीट लिहितो आहे. जाणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. बाकीचे जे घडले तेही लिहितो, कारण ते वगळले तर ही माहिती खोटी होईल.

मी बाइंडर आहे. शाळा आठवीपर्यंत झाली. हाताखालून जाणारे पुस्तक वाचल्याशिवाय शिवत नाही, ही माझी सवय. हे पुस्तक म्हणजे त्या गावच्या मंडळीचे मोठे पवित्र शास्त्र, बायबल. दोन्ही हातांनी उचलावे लागते इतके जड. गावात त्याला नुसते 'बुक' म्हणतात. पाठ फाटली, पाने सुटू लागली, म्हणून मंडळीच्या पंचांनी ते माझ्याकडे आणून दिले होते. मी दोन आठवड्यांचा वायदा केला आणि सात आठवडे लावले. एकदा शिलाई केसभर तिरकी वाटली म्हणून सगळी उसवून पुन्हा घातली. नंतर पुठ्ठ्यावर चढवायचे काळे रेग्झिन मिळेना. बाजारात तांबडे होते, हिरवेही होते, पण शास्त्राला तांबडे कापड मला पटेना. पुण्याहून काळे येईपर्यंत थांबलो. मध्ये गावाहून एक कार्ड आले होते : बुक लवकर द्यावे, अडचण आहे. मी सुवाच्य अक्षरात उत्तर पाठवले की काम चांगले व्हावे म्हणून थोडा वेळ लागत आहे.

शनिवारी सकाळची पॅसेंजर पकडली. ती मोहोळला बराच वेळ थांबते, तिथे चहा बरा मिळतो. पाणी मात्र घरूनच न्यावे. हे दुष्काळाचे दुसरे वर्ष, स्टेशनातल्या नळांचा भरवसा नाही. बायकोने शेंगाचटणी आणि मिलोच्या भाकरी बांधून दिल्या होत्या. रेशनची ती तांबडी परदेशी ज्वारी, मिलो, ज्यांनी खाल्ली आहे त्यांना मी काय सांगणार? चटणीबरोबर ती उतरते, एवढेच. पुस्तक मी जुन्या धोतरात गुंडाळून मांडीवर धरले होते. समोरच्या बाईने विचारले, देव आहे का? मी म्हणालो, शास्त्र आहे. तिने तरी हात जोडले.

खिडकीतून बघण्यासारखे काही नव्हते. उसाच्या जागी ढेकळे होती, आणि प्रत्येक नव्या रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगा. बायका डोक्यावर पदर, पदरावर फडके बांधून बसलेल्या. हातोड्यांचा आवाज गाडीच्या आवाजातूनही येत होता.

माढ्याहून गावापर्यंत आठ मैल. एस.टी. दिवसातून एकदाच आणि तीही फाट्यापर्यंत. फाट्यावरून दोन मैल चालावे लागते. ओझे असेल तर दर अर्ध्या मैलावर बसावे, सावली कुठेच नाही. मी पुस्तक जमिनीवर टेकवत नव्हतो, म्हणून मला बसताही येत नव्हते.

गावाच्या वेशीशी बाबूराव भेटले. ते मंडळीचे सगळ्यांत जुने पंच. वय सत्तरीपुढे, पण रोज खडीच्या कामावर जातात. मी सलाम केला. त्यांनी धोतराच्या गाठोड्याकडे पाहिले.

"आलं का बुकवालं? आमाला वाटलं, नवं छापायलाच बसलास की काय."

मी हसलो. ते हसले नाहीत. चालता चालता त्यांनी सांगितले, शमुवेलमामा आजारी आहेत.

शमुवेलमामा माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्या गावचे म्हणून मामा. त्या मंडळीत पाळक, म्हणजे धर्मगुरू, राहत नाही, तो तीन महिन्यांतून एकदा येतो. एरवी उपासना चालवतात, शास्त्र वाचतात ते मामाच. मंडळीचे वाचक. त्यांच्या घराच्या दारातच वास आला. सगुणामामी उंबऱ्यात पाय पसरून बसली होती, मला पाहून ती उठली नाही, नुसती सरकली.

मामांचा डावा पाय फडक्यात गुंडाळला होता. खडी फोडताना कपची उडून घोट्याजवळ लागली होती. आधी हळद लावली, मग पाला, मग कोणीतरी दिलेले मलम. आता बोटे काळी पडली होती आणि सूज गुडघ्याकडे चढत होती. किती दिवस झाले, असे मी विचारले. मामीने हिशेब सांगितला : बुक तुझ्याकडं दिलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात.

मग डॉक्टरकडे का नेले नाही, हे विचारायला तोंड उघडले आणि मला गावची रीत आठवली. आई सांगायची ती.

या मंडळीत कुठलीही मोठी गोष्ट बुकापुढे बसल्याशिवाय ठरत नाही. सोयरीक असो, भांडण असो, कोणी कामाला परगावी जायचे असो. रविवारी उपासनेनंतर बुक जिथपर्यंत वाचून झाले असेल तिथला पुढचा अध्याय वाचायचा. मग ज्याला बोलायचे त्याने टेबलाच्या कडेला तळहात लावून बोलायचे. बुक उघडे असताना कोणी खोटे बोलत नाही, कोणी आवाज चढवत नाही. घरोघरी लहान शास्त्रे आहेत, कोनाड्यात असतात, मुले त्यातून पाठ करतात. पण ठरवायचे ते या बुकापुढे. पहिल्या घरांचा बाप्तिस्मा झाला तेव्हाचे ते बुक आहे.

बुक सात आठवडे सोलापुरात होते. बाबूरावांनी मला तीन गोष्टी अडल्याचे सांगितले. एक लग्न पुढे गेले. आडावरच्या दोराचे एक भांडण होते, ते आड आटल्यामुळे आपोआप मिटले. आणि हा पाय.

कार्डात हे का लिहिले नाही, असे मी विचारले.

"अडचण हाय म्हणून लिवलं हुतं की," ते म्हणाले. "अजून काय लिवायचं कार्डावर?"

त्या संध्याकाळी मी मामीला म्हणालो की आजच गाडी जुंपू. मामी म्हणाली, तेच न्हाय म्हणत्यात. मामा पडल्या पडल्या ऐकत होते. त्यांचे म्हणणे साधे होते. शास्त्रात एका राजाची गोष्ट आहे. म्हातारपणी त्याच्या पायाला रोग झाला. तो देवाकडे गेला नाही, वैद्यांकडे गेला, आणि मेला. चाळीस वर्षे आपण लोकांना हे वाचून दाखवले, आता आपल्याच पायाला लागले तर त्यांच्यापुढे काय तोंड दाखवायचे? बुकापुढे बसू. सगळे म्हणतील तसे करू. एक दिवस तर राहिला.

मी शहरातला, शिकलेला म्हणून बोलायला हवे होते. पण मी आठवी आणि ते वाचक.

रविवारी बाबूराव आणि आणखी तिघांनी मामांना बाजेसकट उपासनेच्या घरात आणले. पत्र्याचे छप्पर, सारवलेली जमीन, पुढे एक टेबल. मी धोतर सोडून पुस्तक टेबलावर ठेवले. लोक जवळ येऊन काळ्या पुठ्ठ्यावरून हात फिरवून गेले. एक म्हातारी म्हणाली, पहिल्यापरीस झ्याक झालं. मला खाली बघावेसे वाटले.

वाचायचे मलाच सांगितले. मी खुणेची पट्टी होती तिथेच ठेवली होती, त्यामुळे अध्याय चुकला नाही. तो वंशावळीचा निघाला. याचा मुलगा तो, त्याचा मुलगा तो. मी एकेक नाव नीट उच्चारून वाचले. सगळे मान खाली घालून ऐकत होते. शेवटच्या नावानंतर मी थांबलो. पायाबद्दल त्यात काहीच नव्हते.

मग मामांनी बाजेवरून हात लांब करून टेबलाच्या कडेला लावला आणि राजाची गोष्ट सांगितली. दोघे पंच त्यांच्या बाजूने बोलले. एक जण म्हणाला, डॉक्टर पाय कापतो म्हणे. बाबूराव म्हणाले, कापू दे, बाकीचं तरी ऱ्हाईल. कोणी हसले नाही.

मी पाने उलटून राजाच्या गोष्टीची जागा काढली. शिवताना ती माझ्या हाताखालून दोनदा गेली होती. वाचली. पुन्हा वाचली. हात टेबलाला लावला. मी एवढेच म्हणालो की राजा वैद्याकडे गेला, हा दोष इथे एकटा लिहिलेला नाही. त्याने देवाला विचारलेच नाही, हे त्याच्या आधी लिहिले आहे. मामा म्हणाले, तेच तर म्हंतो म्या, इचारल्याबगर जायचं न्हाय.

तेव्हा सगुणामामी उठली. बुकापुढे बायकांनी बोलू नये, अशी तिथे मनाई नाही, पण कोणी बोलल्याचे मी ऐकलेले नाही. ती टेबलापर्यंत आली आणि दोन्ही हात त्यावर ठेवले.

"राजानं इचारलं न्हाय. आन आपुन तरी कुटं इचारलं? बुक न्हाय म्हणून पाच आठवडं देव सोलापुरात ठिवला आमी. पाय हितं सडला."

मग बाबूराव उठून बाहेर गेले. बैल बघाय जातो, म्हणाले.

गाडीत वैरण अंथरून मामांना निजवले. फाट्यापर्यंतचा रस्ता गाडीवाटेचा आहे, आजारी माणसाला नेणार असाल तर वैरण जास्त घाला. माढा स्टेशनला दुपारच्या गाडीत गार्डने हरकत घेतली नाही, डब्यातल्या लोकांनी बाक रिकामे केले आणि नाकाला पदर लावला. बाबूराव आणि मामी बरोबर होते. पुस्तक गावातच टेबलावर राहिले.

सोलापुरात दवाखान्यात पोहोचेपर्यंत दिवस कलला. तरुण डॉक्टर होते. त्यांनी फडके सोडले आणि पायाऐवजी आमच्या तोंडाकडे पाहिले. तपासणी झाल्यावर म्हणाले, लघवीत साखर आहे, म्हणून जखम पसरत गेली, गुडघ्याच्या वर कापावे लागेल, तरीही खात्री देता येत नाही. महिनाभर आधी आला असता तर बोटांवर भागले असते. इतके दिवस काय करत होता?

बाबूरावांनी माझ्याकडे पाहिले. मामीनेही. मी बोलणार होतो. शब्द जुळवत होतो.

"कामात हुतो, सायेब," मामा म्हणाले. "खडीचं काम. सुटी घावत न्हाय."

सहीचा कागद आला. मामांनी पेन हातात घेतले आणि थांबले. मला वाटले आता ते बुक मागणार. माझ्या सदऱ्याच्या खिशात लहान नवा करार असतो, शास्त्राचा दुसरा भाग, वाटण्यासाठी छापलेला, पातळ कागदाचा, त्याची पाठ मी कधी शिवलेली नाही. मी तो काढला आणि हातातच धरला. द्यावा की नाही कळेना.

"त्यातनंच वाच की," मामा म्हणाले.

कुठले वाचू, असे मी विचारले. ते म्हणाले, कुटलं बी. उघडंल तितलं.

आजाऱ्यांना वैद्याची गरज असते, हे प्रभूचे वचन जिथे आहे ते पान मी शोधून काढले. उघडले तिथले नव्हे. मामांनी खाटेच्या लोखंडी कडेला तळहात लावला, टेबलाला लावतात तसा, आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले. मग सही केली. पूर्ण नाव, मोडी वळणाच्या अक्षरात.

मंगळवारी पाय कापला. शनिवारी मामा गेले. गावी नेण्यासारखी स्थिती नव्हती, म्हणून इथल्याच कबरस्तानात ठेवले. बाबूराव आणि मामी रविवारच्या पॅसेंजरने परत गेले. मी स्टेशनवर मामीला म्हणालो की काळे कापड मिळत नव्हते म्हणून उशीर झाला. मी ते सगळे सांगू लागलो, शिलाई उसवल्याचेही. तिने ऐकून घेतले.

"कापड चांगलंच लावलंस," ती म्हणाली. मग गाडी हलली.

मी आमच्या पाळकसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, दोष तुझा नाही, त्यांच्या रीतीचा आहे. देवाचे वचन कुठल्या एका प्रतीत अडकून राहत नाही, हे आपण त्यांना शिकवले नाही. हे खरे असेल. मी घरी येऊन त्यावर विचार केला. पण आम्ही सोलापूरचे तरी काय वेगळे? शास्त्राला तांबडे कापड नको, हे कुठल्या अध्यायात आहे? मी शोधले. नाही.

त्या गावच्या लोकांना मी भोळे म्हणणार नाही. बुक उघडे असताना तिथे एकही माणूस खोटे बोलला नाही, हे मी पाहिले आहे. आमच्या मोठ्या मंडळीत, जिथे प्रत्येक बाकावर शास्त्र आहे, तिथे असे मी अजून पाहिलेले नाही. जाणार असाल तर रविवारी जा. आता मामी वाचते, असे बाबूरावांचे कार्ड आले आहे. तिला जोडाक्षरे अडतात, पण लोक थांबतात.

माझे काम चालू आहे. या महिन्यात बार्शीकडच्या एका मंडळीचे शास्त्र आले. घेऊन आलेला माणूस पाठ कशी करायची, अक्षरे सोनेरी घालायची का, ते सांगू लागला. मी वही बाजूला ठेवली आणि आधी विचारले, तुमच्या गावात कोणी आजारी आहे का.