दोनशे अक्षरांची पट्टी

स्पर्धा परीक्षांच्या त्या शिकवणी वर्गात तिला सगळे तळटीपबाई म्हणत. कुणी सहज म्हटलं, "राज्यपाल पाच वर्षांसाठी असतो," की ती चष्म्यावरून बघायची. "राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत. पाच वर्षं त्याच्या आतली." आवाज चढत नसे, पण ती सोडतही नसे.

जिन्याखालच्या खोलीत तिचं टेबल होतं. वरून कुणी उतरलं की डोक्यावर धाडधाड वाजायचं. तिथे बसून एकवीस वर्षं तिने वर्गाचं सामान्य ज्ञानाचं पुस्तक केलं. इतिहास, संस्कृती, राज्यव्यवस्था मिळून दोनशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय आणि मागे अर्धं पान स्पष्टीकरण. दर आवृत्तीत ती पर्यायांच्या जागा बदलायची, म्हणजे जुनं पुस्तक घेऊन कुणी नुसतं 'अ, क, ड' घोकू नये.

मुखपृष्ठावर वर्गाच्या संचालकांचा, म्हणजे सरांचा, हाताची घडी घातलेला फोटो असे. लेखक : सर. आतल्या आभारांच्या शेवटी एक ओळ : 'आणि कार्यालयातील भगिनी.'

तिच्या नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. नवी आवृत्ती आली की तो डोळ्याला भिंग लावून म्हणायचा, "आण इकडे, या भगिनींत तू कुठली ते बघतो." ती हसायची. पुढे पुढे हसेनाशी झाली.

सरांचं नाव गाजत होतं ते वर्षारंभाच्या कार्यक्रमाने. नव्या विद्यार्थ्यांनी भरलेलं सभागृह, सरांच्या हातात पुस्तक नाही, समोरून कुणीही उठून प्रश्नाचा क्रमांक सांगायचा. "एकशे बारा!" सर डोळे मिटून म्हणायचे, "ब!" निवेदक पुस्तकात बघून ओरडायचा, "बरोबर!" आणि टाळ्या. माणसाला पर्यायाचं अक्षरसुद्धा पाठ आहे, म्हणजे केवढं ज्ञान!

अक्षरच पाठ असे, हे फक्त तळटीपबाईला ठाऊक होतं. दर वर्षी ती एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर पाच-पाचच्या गटांत दोनशे अक्षरं लिहून देई. सर आठवडाभर ती घोकत, पाठ झाली की खाली 'झालं' लिहून सही करत आणि तिच्याकडे परत पाठवत. पुस्तक उघडायची गरज त्यांना कधी पडली नाही.

या वर्षी तिने विचारलं, "सर, पुढच्या वर्षी मी निवृत्त होते आहे. या आवृत्तीवर माझं नाव घालाल का? तुमच्या खाली चालेल."

सर फोनवर काहीतरी बघत होते. "अहो बाई, प्रश्न काय तुमच्या घरचे आहेत? सगळं राज्यघटनेत आणि इतिहासात लिहिलेलंच आहे. तुम्ही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह लावता. प्रश्नचिन्हाला कुणी लेखक म्हणतं का?" समोर बसलेले दोघे शिक्षक खो खो हसले.

"बरोबर आहे सर," ती म्हणाली आणि जिना उतरली.

खाली आल्यावर तिने टेबल पुसलं, पेन्सिलीला टोक केलं आणि कामाला बसली. दोनशेच्या दोनशे प्रश्नांची बरोबर उत्तरं तिने जागेवरून हलवली. एकही जुन्या जागी राहणार नाही, हे तिने तीनदा तपासलं. पुस्तकात कानामात्रेचीही चूक राहू दिली नाही. विद्यार्थ्यांशी तिचं वैर नव्हतं. मग कपाटातून गेल्या वर्षीची पट्टी काढली, तीच अक्षरं कोऱ्या पुठ्ठ्यावर सुवाच्य उतरवली आणि वर पाठवली.

तिसऱ्याच दिवशी पट्टी सहीनिशी परत आली. पाठोपाठ सर स्वतः जिन्यात वाकून म्हणाले, "काय बाई, या वर्षी तीन दिवसांत पाठ! वय वाढतंय तशी स्मरणशक्ती वाढतेय."

"दिसतंच आहे, सर."

कार्यक्रमाच्या सकाळी ती पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर, हात पर्सवर.

"सात!" मागून कुणी ओरडलं.

"क!"

निवेदक पुस्तकात बघून घुटमळला. "सर... इथे अ आहे."

"चुकून शेजारचं बघितलं असेल तुम्ही. पुढचा!"

"त्रेचाळीस!"

"ड!" निवेदक पानं मागेपुढे करू लागला.

चौथ्या रांगेतली एक मुलगी पुस्तक उघडून उभी राहिली. "सर, एकोणसाठ. पानिपतची तिसरी लढाई कधी झाली?"

"अ!" सर जोरात म्हणाले. जोर चढला की खात्री वाटते, ही त्यांची जुनी सवय.

"अ म्हणजे १५२६, सर."

"हो, मग?"

"मग पहिली कधी झाली, तिसरीच्या नंतर?"

सभागृहात हशा पिकला. हसण्याची लाट मागून पुढे आली आणि सरांच्या कानापर्यंत लाली चढली. हात उंचावून ते म्हणाले, "शांत! छपाईच्या चुका आहेत या. कार्यालयाचा गलथानपणा."

या वाक्याची वाट बघतच ती बसली होती. ती उठली. "पुस्तकात १७६१ आहे, सर. पर्याय ड. स्पष्टीकरणही आहे. पुस्तक बरोबर आहे."

मुलीने पान उलटून बघितलं. "हो, बरोबर आहे. पण सर, लेखक तर तुम्हीच ना? पुस्तक चुकलं असेल तर तुम्ही चुकीचं लिहिलंत. बरोबर असेल तर..." पुढचं तिने भाबडेपणाने अर्धंच सोडलं.

सर पहिल्या रांगेकडे बघत राहिले. तळटीपबाईने नजर हलवली नाही. एकवीस वर्षांत ते तिच्याकडे इतका वेळ कधी बघत राहिले नव्हते.

दुपारी ते जिन्याखाली आले. त्या खोलीत त्यांना मान वाकवून उभं राहावं लागत होतं. "बाई, तुम्ही मला जुनी पट्टी दिलीत."

"हो."

"का?"

"प्रश्नचिन्ह लावलं, सर."

ते तडकले. "आजच्या आज काढून टाकीन!"

"काढा. पट्ट्या माझ्याकडे आहेत. एकवीस. प्रत्येकीवर तुमच्या हस्ताक्षरात 'झालं' आणि सही." तिने खण उघडून त्यांना गठ्ठा दाखवला आणि पुन्हा बंद केला. "वर ती मुलगी अजून थांबली आहे. लेखक कोण, तेच विचारते आहे."

डोक्यावर पावलं वाजली तसं सरांनी वर बघितलं. मग सर हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या छपाईत घालू तुमचं नाव. माझ्या खाली."

"ते मी गेल्या महिन्यात मागितलं होतं." तिने टेबलावरचा एक कागद त्यांच्याकडे सरकवला. नव्या मुखपृष्ठाचा आणि आभारांच्या पानाचा मसुदा, आधीच टाइप केलेला. लेखकाच्या जागी एकच नाव होतं, तिचं. फोटो नव्हता.

सरांनी आभारांमध्ये स्वतःचं नाव शोधलं. वरून खाली, पुन्हा खालून वर.

"शेवटची ओळ बघा," ती म्हणाली आणि पेनचं टोपण काढून पेन पुढे धरलं.

तिथे लिहिलं होतं : 'आणि कार्यालयातील बंधू.'

त्यांनी सही केली. तिने ती नीट वाळू दिली, कागद पर्समध्ये ठेवला आणि नवऱ्याच्या दुकानाकडे चालायला लागली. आज भिंग लावायची गरज पडणार नव्हती.